शिकलेली मूठ

विश्वजित केसरकरच्या वडिलांची बंदूक ठासणीची होती, आणि घरातल्या कुणीही ती नीटशी कधी पाहिलेली नव्हती. अण्णा ती सागवानी पेटीत ठेवत, पेटीला कुलूप घालत आणि किल्ली करगोट्याला बांधून हिंडत. दारू एका खोलीत, छरे दुसऱ्या खोलीत. भातात गवे शिरले की पेटी उघडून, बंदूक ठासून अण्णा बांधावर पोहोचेपर्यंत निम्मं शेत तुडवून झालेलं असे.

"बंदूक आहे की देव्हाऱ्यातला देव?" विश्वजितची आई चिडून म्हणे.

"देव बरा," अण्णा म्हणत. "तो चुकून उडत नाही."

अण्णा गेले आणि त्यानंतर थोड्याच काळात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या जुन्या बंदुका जमा करून घेण्याचा हुकूम आला. बदल्यात 'सजग' नावाच्या कंपनीची नवी बंदूक मिळू लागली. आजऱ्याच्या डोंगरपट्ट्यात तोवर जनावरांचा उपद्रव इतका वाढला होता, की काजूची बाग असणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात परवाना होता. विश्वजितनेही नवी बंदूक घेतली.

ही बंदूक मालकाला ओळखायची. दस्त्याच्या मुठीखाली दाब मोजणाऱ्या कणांची बारीक जाळी बसवलेली होती. माणूस एखादी वस्तू धरतो तेव्हा कुठलं बोट किती जोर लावतं, तळव्याचा कुठला भाग टेकतो, चाप ओढण्याआधी हात किती थरथरतो, हे सगळं प्रत्येकाचं वेगळं असतं, सहीसारखं. परवानाधारकाने सुरुवातीला बंदूक पुन्हा पुन्हा धरून दाखवायची. आतल्या चिपमध्ये त्या मुठीचा ठसा तयार होई. मग तीच मूठ असेल तर चाप मोकळा, दुसऱ्या कुणाची असेल तर चाप दगडासारखा घट्ट.

तालुक्याच्या गावी प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या तरुण मुलीने बजावून सांगितलं, "मूठ ओळखणं ही दुसरी कडी आहे, पहिली नाही. पहिली कडी तुमचं कुलूप. काडतूस काढायचं आणि बंदूक सोबतच्या लोखंडी कपाटातच ठेवायची." सगळ्यांनी माना डोलावल्या.

कपाट घरी आलं आणि त्यात ऋतुजाने बियाणं ठेवलं, कारण त्याला उंदीर लागत नव्हते. बंदूक पुढच्या दाराआड खुंटीला लटकली. काडतूस आतच. गवे काही आधी निरोप धाडून येत नाहीत, असं विश्वजितचं म्हणणं.

एकदा ऋतुजा म्हणाली, "अहो, घरात लेकरू आहे. कपाट रिकामं करून देते, त्यात ठेवा."

"अगं, ती माझ्याशिवाय उडतच नाही. कुलूप तिच्या पोटातच आहे."

आणि ते खरं करून दाखवायची त्याला हौस होती. पाहुणा आला की विश्वजित खुंटीवरची बंदूक काढून त्याच्या हातात देई आणि म्हणे, "ओढा चाप." पाहुणा घाबरत घाबरत ओढी. काही होत नसे. सगळे हसत. एकदा तर त्याने इलियासला, लहानपणापासूनच्या मित्राला, अंगणात समोर उभं केलं आणि बंदुकीची नळी स्वतःच्या छातीला लावून घेतली.

"ओढ."

"वेड लागलंय का मर्दा?"

"ओढ रे! भितोस काय?"

इलियास नाईकवाडीने डोळे मिटून चाप ओढला. बंदूक मुकी राहिली. पायरीवर बसलेल्या दोन मुली टाळ्या वाजवून हसल्या. एक विश्वजितची गार्गी, नऊ वर्षांची, आणि दुसरी इलियासची सना, तिच्याहून थोडी मोठी. दोन्ही घरं एकाच रस्त्यावर, शाळा एक. मुली दिवसभर या घरातून त्या घरात.

गार्गीने हट्ट धरला तेव्हाही त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला नेम धरायचा होता. तिच्या एकटीच्या हातात चाप हलत नसे, म्हणून विश्वजितने तिचा हात मुठीवर ठेवला, त्यावर स्वतःचा पंजा घट्ट आवळला आणि तिच्या बोटावर बोट ठेवून चाप ओढला. दोन-तीनदा बंदुकीने नकार दिला. मग एकदा ती कबूल झाली. बांधावर ठेवलेला डालड्याचा डबा टणकन उडाला. पोरीचा चेहरा असा फुलला, की त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो खेळच होऊन बसला. ऋतुजा चुलीपाशी बसून कपाळाला आठ्या घाली. पण आठ्या घालण्यापलीकडे तीही गेली नाही.

काजूला मोहोर आला होता तेव्हाची गोष्ट. विश्वजित बागेच्या खालच्या अंगाला पाण्याचा फुटलेला पाइप जोडत होता. दुपारची वेळ. घराकडून बार ऐकू आला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा: माझी तर नव्हे. मी इथे आहे. मग हा आवाज कुणाच्या बंदुकीचा?

नंतर त्याला त्या एका विचाराची सगळ्यात जास्त लाज वाटायची. तो विचार येऊन जाईपर्यंत तो जागचा हललाच नव्हता. किंकाळी ऐकली तेव्हा धावला.

अंगणात सना पडली होती. चेहऱ्याची डावी बाजू रक्ताने भरलेली. गार्गी पायरीपाशी उभी होती. बंदूक तिच्या पायाशी पडलेली, आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझ्या हातात तर ती मुकी असते. माझ्या हातात तर ती मुकी असते."

सना वाचली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी शिकस्त केली, पण डावा डोळा गेला. एक छरा कानाच्या मागे इतका आत होता की तो काढायचं धाडस कुणी केलं नाही.

शस्त्रक्रिया चालू असताना विश्वजित इस्पितळाच्या जिन्यात बसून होता. वर जायची त्याची हिंमत होत नव्हती. इलियासच खाली आला. विश्वजितला वाटलं, आता हा मारेल. मारावं, असंही वाटलं. इलियास त्याच्या शेजारी पायरीवर बसला आणि त्याने विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझा काय दोष रे? मी स्वतः ओढून बघितलाय चाप. तुझ्या छातीवर ओढलाय. त्या यंत्रानं दगा दिला. त्या दिवशी तू मेला असतास माझ्या हातनं."

त्या घटकेला यंत्राने दगा दिला असंच त्यालाही वाटत होतं.

पोलीस आले. बंदूक कुठे होती विचारलं. दाराआड खुंटीला, असं त्याने खरं सांगितलं. हवालदाराने नुसता सुस्कारा सोडला. त्याच्या भावाच्या घरीही ती तशीच लटकत होती. गावाने तर एकमुखाने निकाल देऊन टाकला: कंपनी चोर आहे. इलियास लोकांना गोळा करून तहसीलदाराकडे घेऊन गेला. बातमीदारांपुढे उभा राहून म्हणाला, "माझी पोरगी एका डोळ्याला मुकली. पण विश्वजित माझा भाऊ आहे. त्यालाही या लोकांनी फसवलंय." विश्वजित शेजारी मान खाली घालून उभा होता. लोकांना ते दुःख वाटलं.

मग कंपनीकडून एक बाई आल्या. डॉक्टर शाल्मली वर्तक. चिपमधला ठसा ज्यांनी घडवला त्या चमूच्या त्या प्रमुख. वकील येईल अशी विश्वजितची अपेक्षा होती; या एकट्याच आल्या, चपला बाहेर काढल्या आणि आधी विचारलं, "ती मुलगी कशी आहे?"

चहा झाला. त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"विश्वजितराव, तुमची बंदूक आम्ही उघडून पाहिली. जाळी शाबूत आहे. चिप शाबूत आहे. पण आत जो ठसा आहे तो तुमच्या मुठीचा राहिलेला नाही."

"म्हणजे?"

"माणसाचा हात बदलतो. घट्टे पडतात, बोट कापतं, थंडीत पकड सैल होते, वय वाढतं. ठसा पहिल्या दिवशीचाच ठेवला, तर दोन वर्षांनी बंदूक मालकालाच ओळखणार नाही. म्हणून आम्ही तिला शिकत राहायला लावलं. मूठ ओळखीची वाटली की ती चाप सोडते, आणि त्या वेळी हातात जो काही लहानसा फरक असेल तो स्वतःच्या ठशात मिसळून घेते. इतकं थोडं, की एका वेळी लक्षातही येऊ नये. विरजणासारखं."

"मग?"

"तुमच्या बंदुकीतला ठसा तुमच्या मुठीपासून सरकत सरकत एका लहान हाताकडे गेलाय. दोन हातांच्या मधलं काहीतरी झालंय ते. तुम्ही धराल तरी उडेल, मुलीने धरलं तरी उडेल." त्या थांबल्या. "हे दोन तऱ्हांनी होऊ शकतं. एक म्हणजे या एकाच बंदुकीत मोजण्याची काही चूक असेल. तसं असेल तर मी तुमची माफी मागेन, कंपनी भरपाई देईल, विषय संपला. दुसरं म्हणजे कुणीतरी तिला ते शिकवलं असेल. मालकाच्या हाताखाली मुलाचा हात, असं पुन्हा पुन्हा. बंदूक काय शिकली ते मला दिसतं. कुणी शिकवलं ते ती सांगू शकत नाही. ते फक्त तुम्ही सांगू शकता."

डालड्याचा डबा उडाल्याचा आवाज विश्वजितला स्पष्ट ऐकू आला. पंज्याखालचा तो छोटा, उबदार हात आठवला. आधी नकार देणारी आणि मग कबूल होणारी बंदूक आठवली. नकार देत होती तेव्हा ती बरोबर होती. तिचं न ऐकता, तिच्या मागे लागून लागून, आपणच तिला वळण लावलं.

"मी मुद्दाम विचारते," वर्तकबाई म्हणाल्या, "कारण दुसरी गोष्ट खरी असेल, तर हे एका घरापुरतं नाही. राज्यभरात ज्या ज्या घरात बापाने पोराला असा नेम शिकवला असेल, तिथे तिथे हीच बंदूक दाराआड लटकते आहे. तसं असेल तर मला शिकणं आजच्या आज बंद करावं लागेल, सगळ्यांना सांगावं लागेल. तर सांगा. गार्गीने तुमच्याबरोबर ती कधी धरली होती का?"

ऋतुजा दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही," विश्वजित म्हणाला. "पोरीला मी हातसुद्धा लावू दिला नाही कधी."

वर्तकबाईंनी ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती कपबश्या उचलायला लागली. आतल्या खोलीच्या दारामागे गार्गी उभी होती, हे त्या तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

खोटं बोलून माणूस सुटतो असं म्हणतात. विश्वजितला सुटका कशी ती लाभली नाही. इलियास येऊन सांगे, कंपनी वाकली बघ, आपलं म्हणणं खरं ठरणार. विश्वजित 'हूं' म्हणे. बातम्यांत कुठल्याही गावच्या पोराचं नाव आलं की तो उठून टीव्ही बंद करी. ऋतुजाने त्याच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. जेवायला वाढी आणि उठून जाई.

गार्गी मात्र वेगळीच वागायला लागली. डाव्या हाताने जेवू लागली. डाव्या हाताने लिहू लागली, अक्षरं वेडीवाकडी. उजवा हात सतत स्वेटरच्या खिशात. शाळेतल्या बाईंनी विचारलं, आईने विचारलं, ती गप्प. शेवटी एका सकाळी, शाळेला निघताना, विश्वजित तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाळा, हात दुखतोय का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग काय झालंय त्याला?"

"माझाच हात वाईट आहे," गार्गी म्हणाली. "इलियासकाकांनी ओढला, मामाने ओढला, सगळ्या पाहुण्यांनी ओढला. कुणाच्याच हातात ती उडाली नाही. माझ्याच हातात उडाली."

"तसं नसतं ग."

"त्या बाई म्हणाल्या, बंदूक चांगली आहे. तुम्ही म्हणालात, मी कधी हातच लावला नव्हता." ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. रागाने नव्हे, खरंच विचारायचं होतं तिला. "मग बाबा, आपण डब्याला नेम मारायचो ते मला स्वप्न पडलं होतं का?"

विश्वजितला वाटलं होतं, त्या दिवशी आपण वर्तकबाईंना फसवलं. आत्ता त्याला कळलं की दोष काही हवेत विरून जात नाही. आपण तो अंगावरून झटकला तेव्हा तो घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या खांद्यावर जाऊन बसला होता, आणि ती तो एकटीच वाहत होती. आपल्या बापाचं खोटं खरं ठरावं म्हणून पोरगी स्वतःच्या आठवणीवर अविश्वास दाखवायला तयार झाली होती.

"नाही," तो म्हणाला. "स्वप्न नव्हतं. मीच शिकवलं तुला. आणि त्या बंदुकीलाही मीच शिकवलं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, गार्गी. मी खोटं बोललो."

"का?"

"लाज वाटली म्हणून."

गार्गीने थोडा विचार केला. "मग आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते."

ऋतुजा मागे येऊन उभी राहिली होती. "मीही गप्प बसले," ती म्हणाली. "तुम्ही दोघं डबा उडवायचात तेव्हा मी बघत होते, आणि त्या बाईंच्या देखत कपबश्या उचलत होते. चला. आधी नाईकवाड्यांकडे जायचं, मग बाकीचं."

"मी एकटा जातो."

"गप्प मी तुमच्याबरोबर बसले," ऋतुजा म्हणाली, "सांगायलाही तुमच्याबरोबरच येणार."

इलियास ओसरीवर मोटारीचं काहीतरी खोलून बसला होता. "ये, ये," म्हणत त्याने तेलकट हाताने पाट सरकवला. विश्वजित बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. कुठेही वळण घेतलं नाही, 'चुकून' हा शब्द वापरला नाही. शमीमभाभी आतून आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

सांगून झालं. इलियास हातातला पाना पुसत राहिला. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

"किती दिवस मी गावभर सांगत फिरलो," शेवटी तो म्हणाला, "विश्वजितचा दोष नाही. शमीम म्हणायची, बंदूक दाराआड का होती ते विचारा ना. मी तिच्यावर ओरडलो. तुझ्यासाठी बायकोवर ओरडलो मी."

"इलियास..."

"थांब. अण्णांची किल्ली कुठे असायची, आठवतंय तुला? आपण दोघं ती चोरायला बघायचो. जमलं नाही कधी." इलियासने पाना खाली ठेवला. "तुझ्या बापानं आपल्याला जगवलं रे. तू तेवढंसुद्धा केलं नाहीस."

शमीमभाभींनी ऋतुजाकडे बघून एकच विचारलं, "तुम्हालाही ठाऊक होतं?" ऋतुजाने होकारार्थी मान हलवली. शमीमभाभी आत निघून गेल्या.

"जा," इलियास म्हणाला. "त्या बाईंना सांग. पोलिसांना सांग. आणि मी बोलवल्याशिवाय या ओसरीवर पाय ठेवू नकोस."

विश्वजितने तिथूनच, रस्त्यावर उभं राहून, वर्तकबाईंना फोन लावला. त्याने त्यांनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल? तुमच्या तोंडून ऐकलं तर लोक पटकन ऐकतील. पण तुमची बदनामी होईल."

"होऊ दे," विश्वजित म्हणाला. "माझ्यामुळे आधीच उशीर झालाय."

ते बोलणं घराघरात गेलं. परवानाधारकांच्या फोनवर आलं, ग्रामपंचायतींच्या पडद्यांवर दिसलं. खांदे पाडून बसलेला एक माणूस सांगत होता: मी माझ्या मुलीचा हात माझ्या हाताखाली धरला, तुम्ही धरला असेल तर बंदूक आज रिकामी करा, कुलपात घाला आणि सांगा. कंपनीने बंदुकांचं शिकणं बंद केलं. बंदुका तपासायला परत मागवल्या. वर्तकबाईंनी नंतर कळवलं, की ठिकठिकाणी लहान हातांचे ठसे सापडत होते. बहुतेक घरांतल्या बापांनी आधी 'नाही' असंच सांगितलं होतं. "तुमचं ऐकल्यावर मात्र एकेक करून कबूल करायला लागले," त्या म्हणाल्या. "आणि मी शिकण्याची ती पद्धत बनवली तेव्हा मुलांचा विचारच केला नव्हता. माझंही निवेदन मी दिलं आहे."

विश्वजितचा परवाना रद्द झाला. हयगयीचा खटला उभा राहिला. त्याने गुन्हा कबूल केला. गावात जे त्याच्या दुःखाने हळहळत होते ते आता त्याला बघून रस्ता बदलू लागले. कुणी तोंडावर बोललं, कुणी पाठीमागे. गव्यांनी भाताचा बराचसा भाग खाल्ला. त्याने तार ओढून घेतली, मचाणावर बसून डबे वाजवले.

पावसाळा सरता सरता शमीमभाभींचा ऋतुजाला निरोप आला: सना गार्गीला विचारते आहे, पाठवा.

विश्वजित पोरीला घेऊन गेला. फाटकाशी थांबला. गार्गी एकटी अंगणातून चालत गेली, पायरीपाशी घुटमळली. शमीमभाभींनी तिला जवळ घेतलं नाही, पण दार पुरतं उघडलं आणि ती आत गेली. विश्वजित रस्त्याच्या कडेला उभा राहिला. येणारे-जाणारे बघत होते. पूर्वी त्याने फोन काढून काहीतरी केल्यासारखं दाखवलं असतं.

थोड्या वेळाने सना बाहेर आली. काचेचा डोळा अजून नीट बसला नव्हता. तो जरा भलतीकडेच बघत होता. ती फाटकापर्यंत आली आणि पलीकडेच थांबली.

"गार्गीने मला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "ती खूप रडली. मी तिच्याशी बोलणार आहे."

"बरं केलंस, बाळा."

"तुमच्याशी बोलायचं की नाही, ते मी ठरवलेलं नाही."

विश्वजितने मान डोलावली.

"काका, इस्पितळातून आल्यावर मला पहिल्यांदा आरसा दिला ना, त्या दिवशी तुम्ही आमच्या ओसरीवर होता. त्या कंपनीच्या बाई तोवर तुमच्याकडे येऊन गेल्या होत्या. मी आत ओरडत होते. तुम्हाला ऐकू येत होतं. अब्बांनी तुम्हाला चहा दिला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून त्यात आलं घालायला सांगितलं होतं त्यांनी." तिचा आवाज अगदी साधा होता. "तो तुम्ही प्यायलात."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत दोघंही थांबले. मान खाली घालावी असं विश्वजितला फार वाटलं. पण पोरीने ते तोंडावर सांगितलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "प्यायलो."

सनाने ते ऐकून घेतलं. मग ती वळली आणि आत गार्गीकडे गेली. विश्वजित फाटकाबाहेर उभा राहिला, मुलगी परत येईपर्यंत.